एकवीस पत्ते आणि एक गोष्ट

गेल्या खेपेला कुरडयांचा चीक उरला तर त्याचं काय काय करता येतं ते सांगितलं होतं. त्यावर पत्रं आली, त्यांत एका भगिनीनं चिकाबद्दल अवाक्षर न लिहिता भलतीच अडचण मांडली आहे. ती लिहिते, "सुट्टीत नणंदेची दोन, जावेची दोन आणि माझी दोन अशी सहा मुलं घरात. दुपारच्या उन्हात बाहेर सोडवत नाही. मोबाईल काढून घेतला की सगळी माझ्या तोंडाकडे बघतात. तुम्ही मोबाईल काढून घ्या म्हणता, पण त्या जागी हातात काय द्यायचं तेही सांगा!"

बाईचं म्हणणं अगदी रास्त आहे. तर आज स्वयंपाकघर बाजूला ठेवू या आणि पत्त्यांचा कॅट काढू या.

तुम्ही म्हणाल, त्यात काय नवीन? बदाम सात, झब्बू, गुलामचोर सगळ्यांनाच येतात. पण मी खेळाबद्दल नाही, जादूबद्दल सांगणार आहे. तीही तुम्हांला बहुतेक माहीत असलेलीच. एकवीस पत्त्यांची. तीन रांगा मांडायच्या, समोरच्यानं एक पत्ता मनात धरायचा, कुठल्या रांगेत आहे ते तीनदा सांगायचं आणि शेवटी तो पत्ता काढून दाखवायचा. प्रत्येक घरात एखादे मामा किंवा काका असतातच ही जादू करणारे. आमच्या माहेरीही होते. आणि खरं सांगते, तिसऱ्यांदा पत्ते मांडून होईपर्यंत अर्धी मंडळी पाणी प्यायला उठून गेलेली असायची.

मग अशी कंटाळवाणी जादू कशाला शिकवता? तर दोष जादूचा नव्हे, सांगण्याचा आहे. हिशेब करा. एकवीस पत्ते तीनदा मांडायचे म्हणजे त्रेसष्ट पत्ते झाले. सेकंदाला एक म्हटला तरी मिनिटाच्या वर वेळ नुसतं पत्ते टाकण्यात जातो. तेवढा वेळ लोकांनी बघायचं काय? आमटी चांगली असून वाढायला उशीर झाला की पानावरचा माणूस कंटाळतो, तसंच हे. वाढता वाढता बोलायला हवं.

आधी कृती सांगते, मग गोष्ट.

साहित्य : पत्त्यांचा एक कॅट, चटई किंवा एकरंगी चादर. काचेच्या किंवा गुळगुळीत टेबलावर पत्ते घसरतात, रांगा वाकड्या होतात, म्हणून खाली काहीतरी अंथराच.

कृती : कॅटमधून कुठलेही एकवीस पत्ते घ्या. फक्त लाल आणि काळे साधारण सारखे असावेत आणि चित्रांचे पत्ते फार नसावेत, नाहीतर सगळे राजा-राणीच मनात धरतात. पत्ते पिसा. मग उताणे मांडायला लागा. पहिला डावीकडे, दुसरा मध्ये, तिसरा उजवीकडे, की पुन्हा डावीकडे. अशा तीन रांगा, प्रत्येकीत सात पत्ते. मांडताना आडवं आडवं जायचं, एक रांग पुरी करून दुसरी घ्यायची नाही. इथंच पुष्कळ जणी चुकतात.

समोरच्यानं एक पत्ता मनात धरून रांग सांगितली की तिन्ही रांगा गोळा करा, मात्र त्यानं सांगितलेली रांग इतर दोन रांगांच्या मध्ये येऊ द्या. रांगेतल्या पत्त्यांचा क्रम मोडू नका. गठ्ठा पालथा करा आणि वरून एकेक पत्ता काढून पुन्हा तसंच उताणं मांडा, पुन्हा विचारा, पुन्हा सांगितलेली रांग मध्ये. तिसऱ्यांदाही तसंच. आता गठ्ठा पालथा धरून वरून मोजलंत तर अकरावा पत्ता त्याचाच!

हे का होतं तेही सांगते, कारण मुलं विचारतातच आणि आपण 'जादू आहे' म्हणून वेळ मारून नेऊ नये. पहिल्या उत्तरात एकवीसचे सात उरले. ते सात गठ्ठ्याच्या मध्यभागी, म्हणजे आठव्यापासून चौदाव्यापर्यंत बसतात. पुन्हा मांडल्यावर ते सात तीन रांगांत दोन, तीन, दोन असे वाटले जातात. दुसऱ्या उत्तरानंतर दोन किंवा तीनच पत्ते संशयित उरतात. ते तिसऱ्या मांडणीत वेगवेगळ्या रांगांत जातात आणि जिथं जातात तिथं चौथेच असतात, म्हणजे रांगेच्या बरोबर मध्ये. म्हणून एक गुपित ध्यानात ठेवा. तिसऱ्यांदा त्यानं रांग सांगितली, की तिच्यातला चौथा पत्ता त्याचा. तुम्हांला ते तेव्हाच कळतं. पण त्या पत्त्याकडे बघू नका! समोरच्याच्या तोंडाकडे बघा.

ही नुसती करमणूक नाही बरं का. जर्गोन नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं १८१३-१४ च्या सुमारास सत्तावीस पत्त्यांच्या अशाच जादूचं गणित मांडलं होतं. तीन रांगा तीनदा मांडल्या म्हणजे तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस. तेवढ्या पत्त्यांपर्यंत हा खेळ चालतो. आपले एकवीस त्यात सहज बसतात. अगदी लहान मुलं असतील तर नऊच पत्ते घ्या, तीन-तीनच्या रांगा करा. तिथं दोनदाच मांडावं लागतं आणि शेवटी पाचवा पत्ता निघतो.

कृती झाली. आता गोष्ट. आणि ती सांगताना मला माझी एक चूकही सांगायची आहे.

मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवते, त्यामुळे माझ्या डोक्यात वर्गच यायचा. तीन रांगा, प्रत्येकीत सात मुलं. मी गोष्ट अशी रचली होती : वर्गात एकवीस मुलं. एकानं बाईंच्या पर्समधले पैसे काढले. कबूल कुणी करत नाही. बाई हुशार! त्या मुलांच्या जागा बदलत जातात आणि प्रत्येक वेळी विचारतात, चोर कुठल्या रांगेत? पुन्हा पुन्हा पत्ते मांडायला असं कारण मिळालं, आणि शेवटी मी एक पत्ता उचलून जोरात म्हणायची, "हाच चोर!" मुलं खिदळायची. दोन वर्षं हीच गोष्ट चालली. शाळेच्या स्नेहसंमेलनातही मी ती केली.

गेल्या उन्हाळ्यात वन्संचं ऑपरेशन झालं, म्हणून त्यांचा मुलगा दोन महिने आमच्याकडे होता. अकरा वर्षांचा. शांत, सांगितलेलं ऐकणारा. ताटातलं सगळं संपवायचा, पण मागून काही घ्यायचा नाही. कपाटाला हात लावायचा नाही. बिस्किटाचा डबा उघडा असला तरी, "मामी, घेऊ का?" असं विचारायचा. मला वाटायचं, वन्संनी काय छान वळण लावलंय!

एका दुपारी मुलं गोळा झाली, मी कॅट काढला. सासूबाई भिंतीला टेकून कापसाच्या वाती वळत होत्या. त्यांना घरात पत्ते बिलकूल आवडत नाहीत. पत्ते म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर जुगारच येतो. त्यामुळे त्या आमच्याकडे पाठ करून बसल्या होत्या. मी भाच्याला म्हटलं, "तू पाहुणा, तू धर पत्ता." त्यानं धरला. मी गोष्ट सुरू केली. पैसे गेले, बाई रागावल्या, जागा बदलल्या. तो रांग दाखवत होता खरा, पण दुसऱ्या वेळी त्याचं बोट थरथरलं, ते मी पाहिलं आणि खेळात रंगलाय असं समजले. तिसऱ्यांदा मी त्याचा पत्ता उचलला, त्याच्या नाकासमोर धरला आणि ओरडले, "हाच चोर!"

सगळी हसली. तो उठला आणि मागच्या पडवीत निघून गेला. रात्री जेवायला आला, पण अर्धी पोळी खाऊन उठला.

रात्री वन्संना फोन केला तेव्हा कळलं. दिवाळीनंतर त्याच्या वर्गातले सहलीचे पैसे नाहीसे झाले होते. मधल्या सुट्टीत हा एकटा वर्गात होता, म्हणून संशय त्याच्यावर. सगळ्यांसमोर उभं करून दप्तर उलटं केलं होतं. आठ दिवसांनी पैसे कपाटात वह्यांच्या गठ्ठ्यात सापडले. आईला बोलावून तसं सांगितलंही, पण वर्गात कुणी काही बोललं नाही. मुलं त्याला चिडवायची ती चिडवतच राहिली. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुम्हांला सांगायचं राहूनच गेलं. सांगण्यासारखं होतं का ते?"

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. मीही शिक्षिकाच. "ज्यानं घेतलं असेल त्यानं मुकाट्यानं उभं राहावं," हे वाक्य मीसुद्धा वर्गात म्हटलेलं आहे. आणि त्याचा बिस्किटाच्या डब्याला हात न लावणं मी वळण समजत होते!

सकाळी मी त्याला जवळ घेऊन म्हटलं, "माझं चुकलं. मला माहीत नव्हतं, पण माझी गोष्टच वाईट होती." तो काही बोलला नाही. नुसती मान हलवली.

गोष्ट वाईट होती हे मी त्याची समजूत काढायला म्हटलं नव्हतं. जादू करणाऱ्या बाईच्या दृष्टीनंही ती वाईटच होती. जो आपल्यावर विश्वास ठेवून पत्ता धरतो, तो त्या वेळी आपला पाहुणा असतो. शेवटी त्यालाच चोर ठरवायचं, सगळ्यांनी त्याला हसायचं आणि आपण शहाणं ठरायचं, ही कसली करमणूक? जादू संपल्यावर पत्ता धरणाऱ्याचा चेहरा फुलला पाहिजे. टाळ्या आपल्यापेक्षा त्याला जास्त मिळाल्या पाहिजेत.

मग मी गोष्ट बदलली. ती आता तुम्हांला देते, हवी तशी वापरा.

शाळेची सहल सिंहगडावर निघाली. एकवीस मुलं. (पत्ते पिसताना हे बोला.) गड चढून वर गेल्यावर भूक लागली. पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला मुलं तीन पंगतींत बसली. (पहिली मांडणी. समोरच्याला सांगा, यातला एक तुझा दोस्त. त्याला नीट बघून ठेव, नाव सांगू नकोस, कुठल्या पंगतीत बसलाय तेवढं सांग.) जेवण झालं, देवटाक्यावर सगळी हुंदडली, बाईंनी फोटोसाठी बोलावलं. (दुसरी मांडणी, जरा भरभर.) दोस्त कुठल्या रांगेत? संध्याकाळ झाली, धुकं आलं, उतरायची वेळ. बाई मोजायला तीन रांगा करतात. (तिसरी मांडणी, आता सावकाश, आवाज उतरवून.) रांगेत आहे ना तुझा दोस्त? कुठल्या? बरं. मुलं खाली येतात, बसमध्ये बसतात... आणि बाई मोजतात तर वीसच!

इथं थांबा. लहान मुलं अक्षरशः श्वास रोखतात. मग गठ्ठा पालथा हातात घ्या आणि एकेका अक्षराला एकेक पत्ता खाली टाकत म्हणा :

आ-प-ला ग-डी सु-ख-रू-प आ-ला.

मोजा बघू. बरोबर अकरा अक्षरं. शेवटच्या 'ला'ला जो पत्ता येईल तो त्यालाच उलटायला सांगा. आपण उलटू नका. दोस्त त्याचा, त्यानंच शोधला.

तीन वेळा मांडायला तीन कारणं, हीच यातली खरी मेख. नुसतं "आता पुन्हा मांडते" म्हटलं की माणूस कंटाळतो, "आता फोटो काढायचाय" म्हटलं की तोच माणूस पुढे सरकतो. सिंहगड दूर असेल तर तुमच्या गावाजवळचा गड घ्या, मुलांनी पाहिलेलाच घ्या.

बायकांच्या मेळाव्यात मी हीच जादू संक्रांतीच्या हळदीकुंकवाची करते. एकवीस जणी आल्या. पहिल्यांदा हळदीकुंकवाला बसल्या, मग अत्तर-गुलाबपाण्याला, मग वाणाला. गडबडीत एकीला वाण द्यायचंच राहिलं! कोण ती? "ता-ई, तु-म-चं वा-ण रा-हि-लं-य." ही अक्षरंही अकराच. पत्ता निघाला की पत्ता धरणाऱ्या बाईच्या हातात खरोखरच एक छोटी वाटी ठेवा. बघा कशी हसते ती!

आता काही बारीक सूचना.

पत्ता एकानं धरला तरी शेजारच्यालाही हळूच दाखवायला सांगा. पत्ता विसरणं किंवा रांग चुकीची सांगणं यानं जादू जेवढी फसते तेवढी दुसऱ्या कशानं फसत नाही.

बोलणं आधी पाठ करा, पत्ते नंतर. मी कणीक तिंबताना गोष्ट म्हणत असे. हात कामात असताना तोंड न अडखळता चाललं की समजा, तयारी झाली.

एकाच बैठकीत तीच जादू दोनदा करू नका. "पुन्हा, पुन्हा" म्हणतील, तरी नको. दुसऱ्या दिवशी करा.

एखाद्या मुलानं मेख ओळखली तर "गप्प बस" म्हणू नका. शाबासकी द्या आणि पुढच्या खेपेला त्यालाच करायला बसवा.

आमच्याकडे नेमकं तेच झालं. भाचा ती जादू चार दिवस नुसता बघत होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "मामी, चौथा पत्ता असतो ना?" मी कॅट त्याच्या हातात दिला. मग तो दोन दिवस पत्ते घेऊन पडवीत बसायचा, बोटांवर काहीतरी मोजायचा, पुटपुटायचा. मला वाटलं, सिंहगडाचीच गोष्ट पाठ करतोय.

जायच्या आदल्या दिवशी त्यानं सगळ्यांना बसवलं. पत्ता धरायला कुणाला सांगावं म्हणून बघत होता, आणि थेट सासूबाईंपुढं जाऊन म्हणाला, "आजी, तू धर." मला वाटलं आता बोलणी बसणार. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, वातीचं ताट बाजूला सारलं आणि वळून बसल्या.

तो सांगायला लागला. वर्गात एकवीस मुलं. सहलीचे पैसे गेले. माझ्या पोटात गोळाच आला. पण त्याची गोष्ट वेगळी होती. त्यानं विचारलं, "आजी, बाई म्हणतात यातल्या एका मुलानं पैसे घेतले. सगळी मुलंही तसंच म्हणतात. तुला तो मुलगा ठाऊक आहे. मनात धर. कुठं बसलाय तो?" सासूबाईंनी रांग दाखवली. जागा बदलल्या, दप्तर तपासलं, पुन्हा जागा बदलल्या. आवाज कापत होता, पण थांबला नाही. शेवटी गठ्ठा हातात घेऊन तो एकेक पत्ता टाकायला लागला :

ह्या मु-ला-नं का-ही घे-त-लं ना-ही.

अकरावा पत्ता सासूबाईंनी उलटला. चौकट अठ्ठी. "हाच रे तो," त्या म्हणाल्या, आणि पत्ता हातातच धरून बसल्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काही माहीत नव्हतं, त्यांना जादू आवडली होती.

रात्री मी ताटं घासताना बोटांवर अक्षरं मोजली. बरोबर अकरा. हे त्यानं दोन दिवस बसून एकट्यानं जुळवलं होतं.

तर भगिनी, तुमच्या सहा मुलांना हा कॅट द्या. जादू मीच दाखवीन असं म्हणू नका. चार दिवस तुम्ही दाखवा, मग मुलांना आपापली गोष्ट रचायला सांगा आणि अकरा अक्षरांचं एक वाक्य शोधायला लावा. जोडाक्षर एकच धरायचं, हा एवढाच नियम. दोन-तीन दुपारी नक्की जातील. आणि मूल जे तोंडानं सांगत नाही ते कधी कधी पत्त्यांतून सांगतं, तेव्हा हातातलं काम ठेवून पुढ्यात बसा.

तुमच्या घरी जुळलेली अकरा अक्षरं मला कळवा. पुढच्या खेपेला पावसाळ्याआधी डाळी-कडधान्यं कशी निवडून ठेवायची ते बघू.